नरसाळं

मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली, तरी चौथीच्या वर्गात मागच्या बाकाभोवती घोळका तसाच होता. "काय चाललंय रे तिकडे?" असं मी विचारल्याबरोबर घोळका फुटला आणि एक मुलगा हात पाठीमागे लपवून उभा राहिला. त्याला आपण पिंट्या म्हणू. खरं नाव छापलं तर तो माझ्याशी कायमची कट्टी करेल.

"दाखव बघू."

त्यानं हात पुढे केला. तळहातावर काळ्या रबराचं एक फूल होतं. मधे धातूची वाटोळी नळी, आणि तिच्याभोवती जाड जाड पाकळ्या.

"फूल आहे बाई," पिंट्या म्हणाला. "बाबांनी बोटीवरून काढून टाकलं. मी पेन्सिली अडकवायला आणलं."

सगळा वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. ते फूल माझ्या ओळखीचं होतं आणि त्याच्या तीन पाकळ्या बुडापासून तुटलेल्या होत्या.

"पिंट्या, ह्या तीन पाकळ्या कुठे आहेत?"

"तुटल्या, बाई."

"तुटल्या ते दिसतंय. पण गेल्या कुठे?"

पिंट्या माझ्याकडे बघत राहिला. आणि त्या दिवशी आमचा गणिताचा तास बुडाला. अगदीच बुडाला असं नाही, थोडं गणित पुढे येणार आहे.

मुलांनो, तुमच्यातले पुष्कळजण समुद्रापासून लांब राहत असाल, म्हणून आधी सांगते. त्या फुलाचं खरं नाव इंपेलर. बोटीचं डिझेल इंजिन चालताना खूप तापतं. त्याला थंड ठेवण्यासाठी समुद्राचंच पाणी आत ओढून घेतात. ते ओढणाऱ्या पंपात हे रबराचं फूल गरगर फिरत असतं. पाणी येतंय तोपर्यंत त्याला काही होत नाही, कारण पाणी हेच त्याचं वंगण. पण बोटीच्या बुडाला पाणी आत घेण्याचं जे भोक असतं, त्यावर एखादी प्लॅस्टिकची पिशवी येऊन चिकटली की संपलं! फूल कोरडं फिरतं, घासतं, तापतं आणि काही मिनिटांतच त्याच्या पाकळ्या तुटतात. तुटलेल्या पाकळ्या पाण्याच्या वाटेनं पुढे जाऊन कुठेतरी अडकून बसतात. नवं फूल बसवलं, पाणी सुरू झालं की आपल्याला वाटतं, दुखणं गेलं. आणि मग एखाद्या दिवशी भर समुद्रात ती अडकलेली पाकळी पाण्याची वाटच बंद करते.

हे मला कसं माहीत? डी.एड.ला हे शिकवत नाहीत, बरं का! तिथे मी फळ्यावर सरळ ओळीत लिहायला शिकले. इंजिन शिकले ते त्याच्या कितीतरी आधी, अंजर्ल्याच्या खाडीत, गुडघाभर चिखलातून चढावं लागायचं त्या आमच्या बोटीवर.

माझं माहेर हर्णैचं, दापोली तालुक्यातलं. हर्णैचं बंदर उघड्या समुद्रावर. पावसाळ्यात तिथे बोट ठेवायची सोय नाही, म्हणून उत्तरेला जवळच असलेल्या अंजर्ल्याच्या खाडीत बोटी आसऱ्याला न्यायच्या. बाबांची बोट लहान होती, दोन सिलिंडरची. आमच्याकडे बोट किती फुटांची असं फारसं कोणी विचारत नाही, "किती सिलिंडरची?" असं विचारतात. तिचं इंजिन बाबांनी जुनंच विकत घेतलं होतं. ते माझ्यापेक्षा वयानं बरंच मोठं. आई त्याला "तुमचं थोरलं लेकरू" म्हणायची, आणि तेही जरा घुश्शातच. कारण घरात पैसा आला की आधी इंजिनाला लागायचा आणि मग आमच्या वह्या-पुस्तकांना.

आता हे इंजिन चालतं कसं, ते थोडक्यात सांगते. सायकलचा पंप घ्या, त्याचं तोंड बोटानं घट्ट दाबा आणि दांडा दहा-बारा वेळा जोरात मारा. पंपाचं टोक गरम लागेल. हवा दाबली की तापते. मोटारसायकलच्या पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो, डिझेल इंजिनात तो नसतोच. तिथे पिस्टन हवा इतकी दाबतो की ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते, आणि नेमक्या त्या क्षणी नोझलमधून डिझेलचा अगदी बारीक फवारा आत येतो. तो आपोआप पेटतो. ही युक्ती रुडॉल्फ डीझेल या माणसाची. १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या या जर्मन इंजिनिअरनं १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात आपलं इंजिन चालवून दाखवलं. पुढे १९१३ साली इंग्लंडला जाताना हा माणूस रात्रीतून जहाजावरून नाहीसा झाला आणि समुद्रातच गेला. हे मी वाचून बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोहता येत नव्हतं काय त्याला?"

डॉक्टर जीभ बघतात तसे बाबा इंजिनाचा धूर बघायचे. काळा धूर आला तर डिझेल पुरतं जळत नाही. एकतर हवा कमी पडते आहे, नाहीतर इंजिनावर ओझं जास्त झालं आहे. अशा वेळी बाबा आधी पाठीमागे जाऊन पंख्यात जाळ्याचा तुकडा अडकलाय का ते बघत. निळसर धूर आला तर इंजिन स्वतःचं ऑइल खातंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील. आणि पांढरा? थंडीच्या दिवसांत सकाळी सुरू करताना थोडा पांढरा धूर येतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण तापलेल्या इंजिनातून पांढरा धूर यायला लागला की बाबांचा चेहरा बदलायचा. आत पाणी जातंय! आणि पाणी दोन वाटांनी जाऊ शकतं. थंड करणारं पाणी हेडच्या फुटक्या गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये झिरपत असेल, नाहीतर डिझेलमध्येच पाणी मिसळलं असेल. ही दोन वाटांची गोष्ट जरा लक्षात ठेवा.

पावसाळ्यात बोट वर असली तरी इंजिनाला सुट्टी नसायची. त्याच्या अंगातलं खारं पाणी काढून गोड्या पाण्यानं धुवायचं. इंजिनात पाण्याच्या वाटेवर जस्ताचा एक तुकडा बसवलेला असे. खारं पाणी लोखंडाला खाण्याआधी त्या जस्ताला खातं. तो अर्धा झाला की बदलायचा. अकरा वर्षांची असताना मला तो खाऊन खाऊन वाळवी लागल्यासारखा झालेला तुकडा फार आवडायचा, मी दोन-तीन जपूनही ठेवले होते. आणि दर चार दिवसांनी हँडल लावून इंजिन थोडं फिरवायचं, नाहीतर पिस्टन जागीच गंजून बसतात. हे हँडलचं काम माझं. म्हणजे खटका उचलून ठेवायचा, हवा मोकळी सोडायची आणि मग फिरवायचं. काका म्हणायचे, "हिला शाळेत घातली नसती तर मिस्त्री झाली असती."

आणि एक वही होती. शंभर पानी, ऑइलच्या डागांनी पानं पारदर्शक झालेली. बाबा चौथी शिकलेले, पण वही नेमानं लिहीत. तारीख, किती तास चाललं, ऑइल कधी बदललं, काय बिघडलं, आणि शेवटी "कारण". कारण सापडलं नाही तर ती जागा रिकामी ठेवत. मला ती रिकामी जागा बघवायची नाही. एकदा मी तिथे आपलं "माहीत नाही" असं लिहून टाकलं, तर बाबांनी ते खोडलं. म्हणाले, "माहीत नाही असं लिहिलं की मग कोण शोधतंय?"

आता १९९९ सालच्या श्रावणाकडे येऊ.

नारळी पौर्णिमा झाली होती. बोट खाडीच्या पाण्यात उतरवली होती आणि दोन दिवसांनी ती हर्णैला न्यायची होती. आदल्या दिवशी संध्याकाळी बाबांनी आणि मी टाकीत डिझेल ओतलं. टाकीच्या तोंडात मोठं पत्र्याचं नरसाळं, नरसाळ्यात फडकं, आणि वरून कॅनमधलं डिझेल हळूहळू. टाकी साधारण निम्मी भरली. तेवढ्यात दापोलीहून ग्रीस आणायला कोणाबरोबर तरी जायचं ठरलं, म्हणून बाबा घाईत निघाले. जाताना म्हणाले, "बाय, नरसाळं काढ, झाकण घट्ट लाव, वर ताडपत्री ओढ आणि मग घरी जा."

मी "हो" म्हटलं. पण शेजारच्या घरी त्या संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा होता, आणि आमच्या आळीत टीव्ही दोनच. जरा वेळानं येऊन लावू, असं म्हणून मी गेले. सिनेमा संपला तेव्हा अंधार पडला होता आणि पाऊस कोसळत होता. मग सकाळी बघू.

सकाळी कोणी यायच्या आत मी बोटीवर गेले. नरसाळं टाकीच्या तोंडात तसंच उभं. फडकं ओलंचिंब. नरसाळं रिकामं होतं, म्हणजे रात्रभर त्यात पडलेला पाऊस कुठे गेला हे सांगायला नको. मी काय केलं असेल? नरसाळं काढलं, पुसलं, जागेवर ठेवलं. झाकण घट्ट लावलं. ताडपत्री ओढली. सगळं बाबांनी सांगितलं होतं तस्सं, फक्त बारा तास उशिरा.

आमच्या वर्गात त्या दिवशी मी हे गणित फळ्यावर घातलं, तुम्हीही करून बघा. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास २८ सेंटिमीटर. रात्रीत पाऊस पडला समजा ६ सेंटिमीटर. कोकणात श्रावणात एवढा पडला तर कोणी छत्रीसुद्धा बदलत नाही. त्रिज्या १४, म्हणजे क्षेत्रफळ ६१६ चौरस सेंटिमीटर. त्याला ६ नं गुणा. ३६९६ घन सेंटिमीटर. जवळजवळ पावणेचार लिटर पाणी! अकराव्या वर्षी मला हे गणित येत असतं तर? येत होतंही कदाचित. करायचं नव्हतं.

बाबा आले. रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी टाकीच्या तळाचं बूच सैल करून थोडं डिझेल भांड्यात काढायचं, ही त्यांची रीत. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाला बसतं आणि आधी बाहेर येतं. पण अंजर्ल्याच्या खाडीचं तोंड गाळानं भरलेलं आहे, भरतीच्या पाण्यावरच बोट बाहेर काढावी लागते. त्या दिवशी भरती दुपारी एकच्या सुमारास होती आणि बरीच कामं उरली होती. बाबांनी मला विचारलं, "काल झाकण लावलं होतंस ना गो?"

"हो."

"मग राहू दे तळ काढायचा. भरती चुकेल."

त्या "हो"ला किती वेळ लागला असेल? अर्धा सेकंद.

हट्ट करून मीही बोटीवर चढले. बाबा, काका, एक खलाशी दादा आणि मी. इंजिन पहिल्या हँडलला सुरू झालं. डग् डग् डग् डग्. खाडीत पाणी आरशासारखं. कड्यावरच्या गणपतीला हात जोडून आम्ही बाहेर पडलो आणि मी मनात म्हटलं, वाचले. काहीच झालं नाही.

का झालं नाही, ते आता कळतं. इंजिनाकडे जाणारी नळी टाकीच्या अगदी तळापासून निघत नव्हती, दोन बोटं वरून निघत होती. संथ पाण्यात सगळं पाणी त्या नळीच्या खाली गुपचूप पडून होतं. बाहेर लाटा लागल्या, बोट डोलायला लागली, तशी टाकीही आतून घुसळली गेली. बाटलीत गोडंतेल आणि पाणी घालून हलवून बघा, म्हणजे दिसेल.

सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या बाहेरच्या अंगानं आम्ही वळसा घेत होतो. डग् डग् चा आवाज अडखळला. एकदा जोरात, एकदा हळू, दम लागलेल्या माणसासारखा. मागे बघितलं तर पांढरा धूर. आणि मग आवाज थांबला.

इंजिन बंद पडल्यावर समुद्राचा आवाज केवढा मोठा होतो, ते ज्यांनी ऐकलंय त्यांनाच माहीत. लाटा आणि वारा आम्हांला किल्ल्याच्या खडकांकडे ढकलत होते. दादानं नांगर टाकला. तो थोडा घसटत गेला, मग धरला. दोर ताणून उभा राहिला. तेव्हा आमच्याकडे मोबाइल नव्हता, वायरलेस नव्हता. बावटा होता आणि चार माणसं होती, त्यातलं एक मी.

बाबा खाली इंजिनाजवळ गेले. त्यांनी कशालाच हात लावला नाही. आधी विचारलं, "शेवटचा हात कोणी कशाला लावला होता? आठवा."

काका म्हणाले, त्यांनी काल पंख्याच्या दांड्याची दोरी आवळली, बाकी काही नाही. दादा म्हणाला, तो इंजिनाकडे आलेलाच नाही. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मीही कोणाकडे बघितलं नाही.

बाबांनी फिल्टरचं बूच सैल केलं. वाटीत डिझेल आणि थोडं पाणी आलं. थोडं पाणी नेहमीच येतं, म्हणून त्यांनी ते फेकलं. मग हवा काढायला घेतली. डिझेलच्या नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी इंजिन चालत नाही. सुई नसलेल्या पिचकारीत पाणी भरून तोंड दाबलं तर दांडा हलत नाही, पण हवा भरली तर आत जातो. तसंच तिथे होतं. पंपाचा सगळा जोर हवा दाबण्यातच जातो आणि नोझल उघडत नाही. म्हणून स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, फेस येतो तो येऊ द्यायचा आणि बुडबुडे संपले की चालू डिझेलच्या धारेतच स्क्रू आवळायचा. काकांनी हँडल मारलं. इंजिन सुरू झालं! दोन मिनिटं चाललं. पांढरा धूर. बंद.

पुन्हा फिल्टर, पुन्हा हवा, पुन्हा हँडल. पुन्हा बंद. असं तीनदा झालं. काकांच्या हाताला फोड आले.

"दादा, डिझेलात पाणी असेल," काका म्हणाले.

"टाकी बंद होती," बाबा म्हणाले. "बायनं झाकण लावलंय."

मला ते वाक्य अजून जसंच्या तसं ऐकू येतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, इतका विश्वास.

म्हणजे पाण्याची एक वाट बाबांनी माझ्या भरवशावर बंद केली. राहिली दुसरी, हेडचं गॅस्केट. त्यांनी ऑइलची पट्टी काढून बघितली. ऑइलमध्ये पाणी गेलं तर ते चहासारखं दुधाळ होतं. ऑइल काळंभोर, स्वच्छ. बाबा चक्रावले. पण गॅस्केट सिलिंडरकडेच फुटलं असेल तर ऑइलला पाणी लागणार नाही, असंही होतं. आणि तसं असेल तर आता हँडल मारणं धोक्याचं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग ते इंजिन भंगारात.

पाच वाजून गेले होते. ओहोटी लागली होती, म्हणजे खाडीत परत जाण्याचा रस्ता बंद. नांगराचा दोर काठावर घासून एका जागी पिंजल्यासारखा दिसायला लागला, दादा त्याला गोणपाट गुंडाळत होता. किल्ल्याच्या पायाशी लाट फुटली की पांढरं पाणी भिंतीवर चढायचं.

"हेड उघडतो," बाबा म्हणाले.

काका काहीच बोलले नाहीत. एकदा हेड उघडलं की ते पुन्हा बसेपर्यंत बोट म्हणजे लाकडाचा ओंडका. नवं गॅस्केट आमच्याजवळ नव्हतं. अंधार पडायला दोन तासही नव्हते. पण दुसरं काही उरलंच नव्हतं. बाबांनी मोठा पाना काढला, पहिल्या नटावर बसवला आणि दोन्ही हातांनी जोर धरला.

"बाबा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पुन्हा म्हटलं, "बाबा, नरसाळं रात्रभर टाकीतच होतं."

बाबांनी पाना तसाच धरून माझ्याकडे बघितलं. काकांनी तोंड उघडलं, तसा बाबांनी हातानंच त्यांना थांबवलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

का नाही, कसं नाही. फक्त किती.

"नरसाळ्यात पडला तेवढा सगळा पाऊस."

बाबांनी पाना नटावरून काढला.

मग जे झालं ते भराभर झालं. टाकीच बाजूला ठेवायची. दादाकडे पाच लिटरचा एक कॅन होता, घट्ट झाकणाचा, कोरड्या जागी ठेवलेला. बाबांनी टाकीची नळी फिल्टरपासून सोडवली. कॅन इंजिनाच्या वर बांधला, एका रबरी नळीचं एक टोक कॅनमध्ये, दुसरं फिल्टरला. डिझेल वरून खाली आपोआप येणार. फिल्टर पूर्ण रिकामा करून धुतला. फिल्टरपासून हवा काढली, पंपाची काढली, मग नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून तिथलं पाणीमिश्रित डिझेल बाहेर येऊ दिलं. बाबांनी एकेक थेंब बोटावर घेऊन बघितला. डिझेल बोटावर पसरतं, पाण्याचा मणी होतो. शेवटी मला म्हणाले, "तू बघ." मी बोट पुढे केलं. पसरलं.

"खटका धर."

मी खटका धरला. काकांनी फोड आलेल्या हातांना फडकं गुंडाळून हँडल फिरवलं, एक, दोन, तीन, आणि बाबा म्हणाले, "सोड!" मी खटका सोडला. ढुक्. ढुक्. पांढरा धूर. आणि मग तो धूर विरळ होत गेला, आणि डग् डग् डग् डग्.

हर्णैला पोचेपर्यंत दीपगृहाचा दिवा लागला होता. सगळा वेळ मी कॅनमधलं डिझेल किती उरलं ते बघत बसले होते. वाटेत कोणी माझ्याशी बोललं नाही. रागावलंही नाही. घरी आल्यावर आईनं चार शिव्या दिल्या, तेव्हा उलट बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी, बोट उभी असताना, बाबांनी मला टाकीच्या तळाचं बूच काढायला लावलं. एकेक बाटली भरून मी उन्हात ओळीनं मांडली. पहिल्या तीन बाटल्या जवळजवळ नुसतं पाणी. चौथीत खाली पाणी, वर पिवळं डिझेल, मधे पेन्सिलीनं आखल्यासारखी रेघ. तालुक्याच्या गावी नेऊन डिझेल पंप उघडावा लागला, कारण डिझेल हेच त्या पंपाचंही वंगण आणि पाण्यानं तो आतून खरचटतो. एक नोझल बदलावं लागलं. हंगामाचा पहिला आठवडा, पापलेटाचा भाव चढा असताना, आमची बोट बंदरात उभी होती. त्या वर्षी दिवाळीला मला फ्रॉक आला नाही. कोणी तसं बोललं नाही, पण मला माहीत होतं.

संध्याकाळी बाबांनी वही काढली. तारीख त्यांनी लिहिली. "काय बिघडलं"च्या रकान्यात "टाकीत पाणी" असं लिहिलं. मग पेन माझ्याकडे दिलं आणि "कारण"च्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. मी लिहिलं, "नरसाळं काढलं नाही. विचारल्यावर सांगितलं नाही." बाबांनी वाचलं. म्हणाले, "काढलंमधला ढ नीट काढ." मी तो गिरवला.

त्यानंतरही इंजिनाची कामं मी केली. टाकीचं झाकण लावायचं काम त्यांनी माझ्याकडेच ठेवलं. फक्त सकाळी तळ काढणं कधी चुकवलं नाही, मी हो म्हटलं तरी. ती बोट आता नाही. वही आहे, माझ्या कपाटात. ढ अजून जाडाच दिसतो.

तर पिंट्याचं फूल. मी ते माझ्याकडे ठेवून घेतलं नाही. त्याच्याच हातात दिलं आणि म्हटलं, "घरी जाऊन बाबांना एवढंच विचार, तीन पाकळ्या सापडल्या का? आणि तू हे फूल कुठून घेतलंस तेही सांग."

पिंट्याचा चेहरा पडला. "बाबांनी फेकलं नव्हतं, बाई," तो हळूच म्हणाला. "त्यांनी ते फळीवर ठेवलं होतं. काल शोधत होते. मी गप्प बसलो."

"बोट कधी सुटणार आहे?"

"उद्या पहाटे."

मी त्याला जरासुद्धा थांबवलं नाही, लगेच घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तो उशिरा आला. दारात उभा राहून त्यानं खिशातून काडेपेटी काढली आणि माझ्या टेबलावर उघडली. आत काळ्या रबराचे दोन तुकडे होते, एक अख्खा आणि एक चावल्यासारखा.

"रात्री नळ्या खोलल्या, बाई. मी बॅटरी धरली होती," तो म्हणाला. "तिसरी मिळाल्याशिवाय बाबा बोट सोडणार नाहीत. मी परत जाऊ का?"